खांद्यावर थांबलेली नजर

सुकन्यानं टेबलावरचा काळा चष्मा उचलून नाकावर चढवला, तोच मागून आवाज आला, "अहो... तो गॉगल न्हाई!"

ती वळली. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता आणि शेजारच्या लॅपटॉपवर दिसणाऱ्या त्याच्याच चेहऱ्यावर, नेमका नाकावर, एक हिरवा ठिपका नाचत होता.

"हे काय हाय?"

"तुमची नजर. तुम्ही बघाल तिथं ठिपका जातो." तो लाजला. "सध्या... माझ्या नाकावर हाय."

सुकन्यानं झटकन चष्मा काढला. कान मात्र तापलेच.

हा रविकिरण, लातूरच्या डाळमिलवाल्यांचा मुलगा. मेंदू चित्र कसं पाहतो, हा त्याचा अभ्यास. नांदेडच्या कला महाविद्यालयात तो शेवटच्या वर्षाची चित्रं तपासायला आला होता. निवडलेलं चित्र लातूरच्या प्रदर्शनात लागणार आणि ते काढणाऱ्याला तिथल्या ॲनिमेशन स्टुडिओत काम मिळणार. सुकन्या त्याच वर्गातली; मुखेडकडच्या या शेतकऱ्याच्या पोरीला ते काम हवंच होतं. 'चित्रं काढून पोट भरतं व्हय?' असं विचारणाऱ्या अख्ख्या गावाला उत्तर द्यायचं होतं.

तिनं टॅबवर बैल काढला होता. दोन दिवस रविकिरण महाविद्यालयाच्या पालक मेळाव्याला आलेल्यांना तो चष्मा लावून चित्रं दाखवत राहिला, आणि चहाचं निमित्त काढून तिच्या टेबलाशी घुटमळत राहिला. तिला ते कळत होतं... आवडतही होतं. म्हणून तर निकाल जास्तच झोंबला.

"रविकिरणच्या अहवालात तुझं चित्र बाद आहे," चित्रकलेचे सुदर्शन सर भर वर्गात म्हणाले. "मेंदू आधी डोळे शोधतो. इथं सगळ्यांची नजर बैलाच्या खांद्यावर अडकली. रचना फसली."

सुकन्या ताडकन उठली. "मशीन बरोबर हाय, सर. वाचणारा चुकला! पालक सगळे शेतकरी होते. शेतकरी बैलाचा आधी खांदा बघतो, जू घासून सोलला तर न्हाई ना म्हणून. तिथला वण मी लई जीव लावून काढलाय. लोकांनी तिथंच थांबावं म्हणून डोळे मुद्दाम पुसट ठेवले."

रविकिरण सावकाश उभा राहिला.

"सर, चूक माझी हाय. मी पुस्तकातला नियम लावला, बघणारी माणसं कोण ते बघितलंच न्हाई. सगळ्यात जास्त वेळ नजर याच चित्रानं धरलीय." आणि त्यानं सगळ्यांदेखत स्वतःचा निकाल बदलला.

चित्र लातूरला निघालं. सुकन्या अशी ऐटीत बाहेर पडली, की गावातल्या मिरवणुकीत मानाचा बैलसुद्धा तसा चालणार नाही.

पायऱ्यांवर रविकिरणनं तिला गाठलं. "रागावलात?"

"लई."

"एक सांगू...? दोन दिवस माझी नजर एकाही चित्रावर नव्हती."

"मग कुठं होती?"

तो नुसताच तिच्याकडं बघत राहिला. तिला हसू आवरेना. असला शहाणा माणूस सगळ्यांसमोर चूक कबूल करतो, याचा तिला स्वतःच्या विजयाहून जास्त अभिमान वाटत होता.

"उद्या पोळा हाय," ती म्हणाली. "आज आमच्याकडं बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्याच्या कानात सांगतात..." तिनं हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"म्हणजे... मी बैल?"

"आजच्या अहवालावरून तरी तसंच वाटतंय. येणार का, तेवढं बोला. आबांना पाव्हणा येतोय म्हणून सांगायचंय."

"हाव, येतो," तो म्हणाला.