भिंतीकडची बाजू

अंथरुणाला खिळलेल्या सासूला कुशीवर वळवायचं म्हणजे ताकदीपेक्षा युक्तीचं काम. अंगाखालची चादर दोन्ही मुठींत धरायची, श्वास रोखायचा आणि आपल्याकडे ओढायची. सून पॅकिंगच्या कारखान्यात जाण्याआधी, जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन आणि संध्याकाळी परतल्यावर हे करायची. म्हातारीच्या पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, हे तिने मनाशी धरलं होतं. सासू एकेकाळी शाळेत शिपाई होती, पण बोलायची हेडमास्तरासारखी.

"ओढतेस कशी! पोतं आहे का मी?"

सुनेचा नवरा उन्हाळ्यात कामावर उंचावरून पडून वारला. सासूला ते सांगितलं नव्हतं. हा धक्का तिला सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सुनेने तो परगावी कामाला गेल्याची थाप मारली, आणि रडू आलं की नळ मोठा सोडून ती न्हाणीघरात रडून घ्यायची. घरात आता हे एकच माणूस उरलं होतं. तेही गमवायची तिची तयारी नव्हती.

हिवाळा लागला तशी सासू वाळत गेली, पण ओढायला मात्र जड लागू लागली. सुनेला वाटलं, आपलेच हात गळाले. मग पलंगाची भिंतीकडची रिकामी बाजू खोलगट दिसायला लागली. जुनी गादी, कापूस बसला असेल, म्हणून तिने ती झोडपून सारखी केली. संध्याकाळी खळगा पुन्हा होताच. सासू आता भिंतीकडेच तोंड करून पडायचा हट्ट धरी, आणि सून दारात आली की तिचं पुटपुटणं थांबे.

एका दुपारी तपासायला नर्स आली. तिने सासूची पाठ निरखून पाहिली आणि खूश झाली.

"एक ओरखडा नाही! जिवापाड करता हो तुम्ही."

पांघरूण सारखं करायला ती भिंतीकडे वाकली आणि तशीच थांबली. तिकडच्या चादरीवर, पाठ टेकते तिथे, पिवळट ओला डाग होता. खाली, टाचा टेकतात तिथे, आणखी दोन.

"इथे कोण झोपतं?"

"कोणी नाही."

"हे जखमेचं पाणी आहे, बाई." नर्सने दोघींकडे पाहिलं. मग पिशवी उचलून ती निघाली.



सासूने डोळे मिटले. आज तिच्या आवाजात जरब नव्हती.

"तुला सांगू नको म्हणाला पोरगा. आधीच माझं करून दमतेस, म्हणाला."

सुनेने तोंडावर हात दाबला. या खेपेला तिला न्हाणीघरापर्यंत जायलाही जमलं नाही.

मग तिने डोळे पुसले, कपाटातून उशी काढली आणि पलंगाच्या पायथ्याशी गेली.

"मला सांगायचं नाही होय?" ती भिंतीकडे बघत म्हणाली, आणि उशी टाचांच्या त्या दोन डागांवर सरकवली.

उशी हळूहळू दबली. दोन ठिकाणी.