संध्याकाळचं बहिरेपण

"यंत्र नीट निघालं, तर उद्यापासून ठकी पाळणाघरात." सून नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, पण आईने ते तिच्या ओठांवरून वाचलं. नातीवाचून तिचा दिवस कसा सरणार होता!

श्रवणयंत्रांच्या दुकानातली ती मागची खोली. मुलगा इथलाच तंत्रज्ञ... आईच्या यंत्रातला सेल न बघताच टेबलावर ठेवून त्याने दुकानातला घातला, यंत्र आवाज मोजणाऱ्या नळीला जोडलं, चाचणीच्या छोट्याशा पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. आत आता बारीक-जाड आवाज घुमणार, आणि यंत्र ते किती मोठे करतं याची रेघ पडद्यावर उमटणार. दोष यंत्राचा की आईचा, याचा निकाल ती रेघ देणार होती.

सुनेचा संशय काही उगाच नव्हता. सकाळी फोन वाजला की सासूबाई चटकन उठत. संध्याकाळी मात्र ढिम्म! काल संध्याकाळी तर कहर झाला. सून न्हाणीघरात असताना ठकी पलंगावरून पडली, कपाळाला टेंगूळ आलं, तिने रडून घर डोक्यावर घेतलं... आणि पाठमोरी बसून भाजी निवडणाऱ्या आजीने मानसुद्धा वळवली नाही. सगळं सोंग आहे, हे सुनेने तेव्हाच ठरवून टाकलं.

बिघडलेलं निघू दे रे देवा, असं आई मनोमन विनवत होती. पण रेघ कारखान्याने दिलेल्या रेघेवर तंतोतंत बसली! मुलाने आईकडे पाहिलं. त्याच्याही डोळ्यांत संशय होता, आणि तो त्या माउलीला सुनेच्या बोलण्याहून जास्त लागला.

त्याने यंत्रातला दुकानाचा सेल काढला, टेबलावरचा आईचा सेल उचलला... आणि थबकला. सेलवर चिकट कागद तसाच होता. तो सोलून हवा लागल्याशिवाय हा सेल चालू होत नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. कागद पुन्हा पुन्हा चिकटवून काळपट झाला होता.

"आई, हा कागद परत कोण लावतं?" त्याने तिच्यासमोर येऊन विचारलं.

"मीच. रोज, ही कामावरून आली की."

"का पण?"

आईचे डोळे भरून आले. यंत्र आणलं त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे सून रडताना तिला ऐकू आली होती... या घरात नवऱ्याशी दोन शब्द मोकळेपणी बोलायचीही आता सोय उरली नाही म्हणून!

"दोन खोल्यांचं घर... मी जाणार कुठे? म्हटलं, निदान कान तरी बंद ठेवावेत. पण ठकी पडली, ती माझीच चूक. तिला खुशाल पाळणाघरात ठेव गं, पण मला सोंगाडी म्हणू नकोस."

 सुनेने सेल घेतला, कागद सोलून चुरगळून टाकला. सेलला हवा लागेपर्यंत मिनिटभर थांबावं लागतं. ती तेवढं थांबली. मग तिने सेल घालून आपल्या हाताने यंत्र सासूच्या कानात बसवलं, आणि रडवेला चेहरा दिसू नये म्हणून ती भिंतीकडे वळली.

"चुकले मी, आई..." ती अगदी हळू म्हणाली. "ठकी तुमच्याजवळच राहील. आणि हा कागद पुन्हा लावायचा नाही."

तिच्या पाठीवर आईचा हात आला.

"ऐकलं गं," आई म्हणाली.