शेवटून पहिली

गेली वीस मिनिटं तो माणूस तिच्या मागे होता आणि पुढे जायचं नाव घेत नव्हता.

रविवार, सकाळचे साडेसहा. रस्ता मोकळा, हवा गार, आणि तिच्या सायकलच्या टोपलीत एका आजोबांची कवळी. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. त्या आजोबांना दुपारी नातीच्या लग्नात हसायचं होतं, म्हणून ती रविवार असूनही दवाखान्यात कवळी पोचवायला निघाली होती. थोडक्यात, पाठलाग करावा असा ऐवज तिच्याकडे नव्हता. वरचे चौदा, खालचे चौदा, तेही दुसऱ्याचे.

ती हळू झाली. तोही हळू झाला. ती थांबली. तोही दहा पावलांवर पाय टेकून उभा राहिला आणि एका झाडाकडे फार जुनी ओळख असल्यासारखा बघू लागला.

"काय हवंय तुम्हाला?"

"मला? काही नाही. तुमचं चालू द्या."

"मग पुढे जा ना!"

"तसं करता येत नाही हो," तो मनापासून दिलगीर होत म्हणाला. "तुम्ही शेवटच्या आहात."

सकाळी सकाळी हे कोणालाही ऐकायला आवडणार नाही. तिने टोपलीतला डबा हातात घेतला. वेळ आलीच तर अठ्ठावीस दातांचा मार बऱ्यापैकी बसतो.

मग त्याने खुलासा केला. तो एका सायकल ग्रुपचा शेपूट होता. म्हणजे तसं पदच होतं. शेपटाने सगळ्यांच्या मागे राहायचं, कोणी दमलं तर थांबायचं, आणि काहीही झालं तरी शेवटच्या माणसाला ओलांडायचं नाही. निघताना त्याने पिवळे टीशर्ट घातलेले बारा जण मोजले होते, आणि चौकानंतर त्याला समोर एक पिवळा टीशर्ट हळूहळू जाताना दिसला.

"हा टीशर्ट आमच्या दादाला रंगाच्या डब्याबरोबर फुकट मिळालाय," ती म्हणाली. "मी तुमच्यातली नाही."

तो विचारात पडला. "मग आमचे बारा कुठे आहेत?"

"पुढे गेले असतील."

"म्हणजे वीस मिनिटं मी..."

"हो."

त्याने पुढच्या रिकाम्या रस्त्यावर एकदा नजर टाकली. मग तो म्हणाला, "आता आलोच आहे तर दवाखान्यापर्यंत येतो. अर्धवट सोडलेलं बरं दिसत नाही." आणि खरंच दवाखान्याच्या फाटकापर्यंत, दहा पावलं अंतर राखून, तो मागे मागे आला. तिने वळून पाहिलं, तर त्याने पोचपावती दिल्यासारखी मान हलवली. तिला हसू आलं. घरी जाईपर्यंत ते गेलं नाही.

खरं तर ती दोन महिने सायकलचा ग्रुपच शोधत होती. सायकल दादाची होती. त्याने ती दोनदा चालवली आणि नंतर वहिनी तिच्यावर टॉवेल वाळत घालायची. पहिल्या ग्रुपमधले लोक इतके वेगात गेले, की ते कसे दिसतात हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या ग्रुपमध्ये सायकलला साजेसे मोजे कोणते यावर चार दिवस भांडण झालं आणि सायकल बाजूलाच राहिली. इथे मात्र एक माणूस चुकून मागे आला आणि चूक कळल्यावरही परत गेला नाही. याहून प्रेमळ ग्रुप कुठे मिळणार? पुढच्या रविवारी ती त्याच चौकात हजर झाली.

ग्रुपच्या प्रमुख म्हणजे शाळेत पीटी शिकवणाऱ्या एक बाई. सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. त्यांनी तिची सायकल पाहिली, टायर दाबला, आणि एक सुस्कारा सोडून म्हणाल्या, "तू शेपटाच्या पुढे."

अशी ती शेवटून पहिली झाली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "लोकांना माझी आठवण अडकल्यावरच येते," तो म्हणायचा. त्याच्या बोलण्यात कुठेही घाई नसे. उजवीकडे तळं, वर बगळे, अंगावर हलकं धुकं, आणि पाठीमागून येणारा तो आवाज...

"एक सांगू का? तुमचं मागचं चाक जरा डावीकडे लाजतं."

"चाक?"

"हो. सात रविवार बघतोय."

"फक्त चाकच बघताय?"

मागून फक्त एक घंटी वाजली, अगदी हळू, चुकून वाजावी तशी. तिचे कान तापले. नशीब, कान पुढून दिसतात की मागून याचा विचार तिने घरी गेल्यावर केला.

पण अडचण अशी झाली, की तिच्या पायांत ताकद आली. हे तिला नको होतं. अकराव्या रविवारी तिच्या लक्षात आलं, की पुढच्या चौघांना ती सहज मागे टाकू शकते. मागे टाकलं, की शेवटचं दुसरंच कोणी होणार, आणि तो त्या दुसऱ्याच्या मागे जाणार. मग तिने उपाय केला. ती शनिवारी चाकातली थोडी हवा सोडू लागली. टोपलीत लॅबमधल्या प्लास्टरची पिशवी ठेवू लागली.

"हे काय?" वहिनीने विचारलं.

"व्यायाम."

"प्लास्टरला?"

तेवढ्यात ग्रुपमध्ये एक निवृत्त न्यायाधीश आले. वय सत्तर, सायकल त्याहून थोडी लहान. प्रत्येक वळणावर ते दोन्ही बाजू नीट बघायचे आणि मगच निर्णय घ्यायचे. पहिल्याच दिवशी ते तिच्या मागे पडले. ती आणखी हळू झाली. तेही झाले. शेवटी दोघं इतकी सावकाश चालली होती, की एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन चालत पुढे निघून गेली आणि वळून काळजीने बघू लागली.

"बाळ," जजसाहेब म्हणाले, "एक खटला मी एकोणीस वर्षं चालवलाय. हळूपणात माझ्याशी स्पर्धा करू नकोस."

हे सगळं कॅप्टननी पाहिलं. त्यांनी टोपलीतली पिशवी उचलून बघितली, चाक दाबलं, आणि काहीही न विचारता निकाल दिला, "पुढच्या रविवारपासून हवा भरून यायचं. तू पुढे."

पुढे काय होतं? रस्ता होता. नुसता रस्ता. दोन रविवार ती पुढच्यांबरोबर चालवत राहिली आणि मागून जजसाहेबांच्या हसण्याचा आवाज अंधुक येत राहिला. तिला एका सत्तर वर्षांच्या माणसाचा मत्सर वाटू लागला, आणि आपल्याला असं वाटतंय याचीही लाज वाटू लागली.

"त्याला सरळ विचार ना," वहिनी म्हणाली.

"काय विचारू? माझ्या मागे होतात ते माझ्यासाठी, की मी शेवटची म्हणून?"

"हेच."

"आणि शेवटची म्हणून, असं म्हणाला तर?"

"तर निदान रविवारी झोपशील तरी."

तिने विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी टाकीचा चढ होता. गावाबाहेर टेकडीवर पाण्याची मोठी टाकी होती आणि तिथपर्यंतचा रस्ता पाहिला, की धडधाकट माणसाला घरची कामं आठवायची. ती तिसरी वर पोचली. कॅप्टन केळी वाटत होत्या. ती कठड्यावर बसली आणि उगाचच खाली बघू लागली. एकेक करून दहा जण आले. आता फक्त जजसाहेब आणि तो. म्हणजे अजून पाऊण तास तरी.

आणि तेव्हा खालच्या वळणावर तो दिसला. एकटा.

"हा जागा सोडून कसा आला?" कॅप्टनच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

तो येत होता खरा, पण त्याला येणं म्हणावं की नाही हा प्रश्न होता. सायकल रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला जात होती. चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा. मध्येच तो उतरला, सायकलला टेकला, पुन्हा बसला. शेवटची वीस पावलं त्याने सायकल ओढली की सायकलने त्याला, हे सांगता येत नाही. वर आल्यावर तो सरळ तिच्यासमोरच्या गवतावर आडवा झाला.

"जजसाहेब कुठे आहेत?" तिने घाबरून विचारलं.

"खाली... शेपूट... त्यांना केलं."

"आणि शेवटचं कोण?"

"तेही... तेच. दोन्ही पदं... एकाला... कायद्यात बसतं... म्हणाले. म्हणाले... जा."

"कुठे जा?"

त्याने बोट वर केलं. ते आधी टाकीकडे, मग एका ढगाकडे आणि शेवटी कसंबसं तिच्याकडे वळलं.

"पाणी देऊ?"

"नको... आधी... ऐक. मी शेपूट... नियमासाठी नाही. मला... याहून जोरात... येतच नाही. आयुष्यभर... वर गेलो... ते लिफ्टने."

ती बघतच राहिली. म्हणजे प्लास्टरची पिशवी टोपलीत घालून ती ज्याच्यासाठी मागे रेंगाळत होती, तो जीव खाऊन तिला गाठत होता!

"मग आज कशाला आलात एवढ्या वर? छाती फुटली असती तर?"

"तू... पुढे गेलीस. मागे... जजसाहेब आहेत... चांगले आहेत... पण..."

"पण काय?"

"त्यांचं चाक... लाजत नाही."

कॅप्टन बाकीच्या अकरा जणांना टाकीची पलीकडची बाजू दाखवायला घेऊन गेल्या. ती अगदी अलीकडच्या बाजूसारखीच होती, पण सगळे बराच वेळ निरखून बघत राहिले.

"'तू' म्हणालात मला," ती म्हणाली.

"'तुम्ही' म्हणायला... दम... पुरत नाही."

"आणि दम परत आल्यावर?"

तो कोपरावर उठला. कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या टोकावर येऊन थांबला होता. श्वास आता जरा जागेवर आला होता. निदान एक पूर्ण वाक्य निघेल एवढा.

"परत आला तरी तूच," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. पुढे असलीस तरी."

वारा आला. तिने पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली आणि बाटलीबरोबर तिची बोटंही घेतली. सोडायचं कोणाला सुचलं नाही.

"मी... मला पण..." ती म्हणाली आणि थांबली. "म्हणजे... तू..."

तिला चढून येऊन पंचवीस मिनिटं झाली होती आणि दम तर मुळीच लागलेला नव्हता.