उजवीकडचा कागद

"सही माझीच आहे. पण त्या कागदावर मी ती केलेली नाही."

एवढं दारातच बोलून सिस्टरना धाप लागली. चाळिशीतले भलेभले लोकही ज्यांच्या सुईला घाबरत, त्या आज स्वतःच पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"आधी टेका," टेबलामागून शंकाबाई म्हणाल्या. त्यांच्या समोर, टेबलाच्या त्या बाजूला दोन खुर्च्या होत्या. "उजवीकडच्या खुर्चीवर बसा. दुसरीचा पाय डुगडुगतो."

सिस्टर बसल्या त्या नेमक्या डुगडुगत्या खुर्चीवर. शंकाबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, तिथेच होते म्हणून बरं. त्यांनी खुर्ची मागून धरली. शोधकामात मेहुणीला मदत करतो असं ते चारचौघांत सांगत. खुर्च्या धरणं ही त्यातली सर्वांत भरीव मदत.

"बाई गोंधळल्यात," ते पुटपुटले.

सिस्टर सार्वजनिक आरोग्य खात्यात परिचारिका. घरोघर फिरून लसी टोचण्यात उभा जन्म गेला. आज पाच वाजता नोकरी संपणार होती आणि शेवटच्या पगारावर ठरलेली पेन्शन उद्यापासून सुरू होणार होती.

"पर्याय दोन," सिस्टर म्हणाल्या. "अख्खी पेन्शन घ्यायची, पण ती माझ्याबरोबर संपते. नाहीतर थोडी कमी घ्यायची, म्हणजे माझ्यामागे यजमानांना निम्मी मिळत राहते. माझा हा दुसरा पर्याय ठरला होता. यजमानांना पक्षाघात झालाय, ते अंथरुणावर असतात. आणि माझ्या हृदयाची झडप खराब आहे. मी आधी जाईन असं डॉक्टर म्हणतात. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

"मग सही?"

"परवा पेन्शन कचेरीत केली. चष्मा दुरुस्तीला टाकला होता, अक्षर दिसत नव्हतं. दोन्ही कागद समोर ठेवलेले. कारकून म्हणाले, यजमानांचं ठेवायचं असेल तर उजवीकडच्या कागदावर सही करा. मी उजवीकडच्याच कागदावर केली. दुसरा कागद त्यांनी माझ्यादेखत फाडला. आज सकाळी चष्मा आला, घरातली प्रत वाचली, आणि पायाखालची जमीनच सरकली. यजमानांचा कुठे उल्लेखच नाही!"

"कचेरीत विचारलंत?"

"फोन केला. ते म्हणतात, तुमची चूक झाली असेल तर पाचच्या आत तसा अर्ज द्या, बदलून देतो. दुसऱ्या कुणी फसवलं म्हणत असाल तर तक्रार, चौकशी, तोवर सगळं गोठणार. आणि आज निवृत्त झाले की पर्याय कायमचा."

"मग द्या की लिहून, चूक झाली म्हणून," भाऊजी म्हणाले.

"न झालेली चूक?" सिस्टर ताडकन म्हणाल्या. "अहो, आजवर एका पोराचा दंड चुकला नाही माझा. आणि कागद बदलणारा मोकळा राहिला तर तो अर्जही बदलेल. माझ्यामागे यजमानांच्या तोंडात घास कोण घालणार? मला तो माणूस शोधून द्या. माझा भाचा माझ्याबरोबर होता. देव करो, तो नसो."

भाचा सिस्टरच्या घरीच भेटला. काकांना उशीला टेकवून तो चमच्याने पेज भरवत होता. खोली इतकी नीटनेटकी, की भाऊजींनी चपला दोनदा सरळ केल्या.

भिंतीवर घरच्यांचा फोटो होता. मधे सिस्टर आणि यजमान, दोन्ही टोकांना एकेक जण.

"उजवीकडची माझी धाकटी बहीण, ह्याची आई," सिस्टर म्हणाल्या. "ती गेल्यापासून हा आमच्याकडेच असतो."

भाऊजींनी फोटोच्या उजव्या टोकाला पाहिलं. तिथे भरघोस मिश्यांचा एक गृहस्थ होता. "बहीण वडिलांवर गेलेली दिसते," ते मेहुणीच्या कानाशी लागले. शंकाबाई मात्र फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी भाच्याला स्वयंपाकघरात घेतलं.

"सही झाली तेव्हा कुठे होतास?"

"झेरॉक्सच्या रांगेत, बाहेर. मावशी सही केलेला कागद घेऊन आली, मी प्रत काढून दिली."

"वाचलास कागद?"

भाच्याने मान खाली घातली. "वाचला. अख्खी पेन्शन लिहिलेली दिसली. मीच तिला तसं सांगत होतो ना महिनाभर. आयुष्यभर लोकांसाठी झिजलीस, आता पुरती स्वतःसाठी घे, काकांना मी आहे. मला वाटलं, ऐकलं शेवटी. बोललो असतो तर तिनं विचार बदलला असता. म्हणून गप्प बसलो." त्याने डोळे पुसले. "सकाळपासून ती माझ्याकडे बघत नाहीये. मी कागद बदलला असं वाटतंय तिला. तिनं तसं विचारलं असतं तरी चाललं असतं हो, पण हे बघणंच बंद केलंय."

बाहेर पडताना भाऊजी म्हणाले, "कागद ह्याच्या हातात होता, इच्छाही ह्याचीच. आणखी काय हवं?"

"मावशीची सही," शंकाबाई म्हणाल्या. "ती तो कुठून आणणार? दुसरा कागद तर फाटलाय."

कचेरीत गर्दी मावत नव्हती. सिस्टर घड्याळाकडे बघत पदराचं टोक पिळत होत्या. भाचा दोन पावलं मागे, अपराध्यासारखा.

काउंटरपलीकडच्या कारकुनाने हात न हलवताच भाऊजींना हटकलं. "ओ, गर्दी नका करू. उजवीकडच्या बाकावर बसा, डावीकडचा स्टाफचा आहे."

भाऊजी आपल्या उजव्या हाताच्या बाकावर जाऊन बसले. कारकून समाधानाने मान डोलावून कामाला लागला.

"ह्या बाई परवा आल्या होत्या," शंकाबाईंनी विचारलं. "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"यजमानांचं ठेवायचं तर उजवीकडे सही करा. स्पष्ट सांगितलं."

"आणि त्यांनी?"

"डावीकडच्या कागदावर केली. एकदम ठामपणे. मला वाटलं, बाईंचा विचार बदलला. नवऱ्याला का वगळता हे मी कोण विचारणार? लोकांच्या घरातलं उकरायला गेलो की शिव्या खातो आम्ही."

"खोटं!" सिस्टर ओरडल्या. सगळी रांग वळून बघू लागली. "मी उजवीकडेच केली!"

"दोघंही खरं बोलताय," शंकाबाई म्हणाल्या. "कागद कुणी बदललाच नाही. भाच्याच्या हाती येण्याआधीच सही चुकीच्या जागी होती, आणि ती तुम्हीच केली होती."

"मी? मला उजवं-डावं कळत नाही?"

"इतरांपेक्षा जास्त कळतं. सिस्टर, समोर बाळ बसलंय. उजव्या दंडावर लस द्यायची. कुणाचा उजवा दंड?"

"बाळाचा. अर्थात बाळाचा! पहिल्या दिवशी शिकवतात ते. उजवं म्हणजे समोरच्याचं उजवं. आपलं धरलं की घात..."

वाक्य तिथेच थांबलं.

"मी समोर बसून उजवीकडची खुर्ची म्हटलं," शंकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या उजवीकडची. तुम्ही माझ्या उजवीकडची घेतलीत. फोटोत उजवीकडची बहीण म्हणालात. आम्हाला उजवीकडे मिश्या दिसल्या, कारण तुम्ही फोटोतल्या माणसांचं उजवं धरता. कारकून मात्र ऐकणाऱ्याच्या हाताच्या हिशेबाने सांगतात. भाऊजी त्यांचं ऐकून बरोबर बाकावर बसले. परवा तुम्ही दोघं समोरासमोर होतात. हे तुमचं उजवं बोलले, तुम्ही ह्यांचं उजवं ऐकलंत. चष्मा असता तर वाचून लक्षात आलं असतं."

भाऊजींनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि मग कुठे "अरे!" म्हणाले.

सिस्टर बाकाचा आधार घेत बसल्या. कधी दंड चुकू न देणाऱ्या सवयीनेच आज घर बुडवलं असतं, ही गोष्ट त्यांना गिळवत नव्हती. पण काटा पाचकडे सरकत होता. त्यांनी पेन मागितलं आणि लिहिलं: चूक माझी आहे.

कारकुनाने नवा कागद काढला, एकच. "वाचून घ्या," तो म्हणाला.

"हा वाचेल," सिस्टर भाच्याकडे बघून म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच बघून. "मोठ्याने वाच, बाळा. मी तुझ्यावर संशय घेतला. फार वाईट केलं."

भाच्याने शब्दन्शब्द वाचला. पेन्शनधारकाच्या पश्चात पतीला निम्मी, हयातभर. सही झाली, शिक्का बसला. मागे कुणीतरी दार लावायची तयारी करत होतं.

"झालं तुझ्या मनासारखं," भाचा म्हणाला. "पण मावशी, तू काकांपेक्षा धडधाकट. तुझ्यामागची एवढी काळजी कशाला?"

शंकाबाईंनी भाऊजींना दंडाला धरून बाजूला नेलं.

सिस्टरनी भाच्याचा हात आपल्या हातात घेतला आणि झडपेबद्दल सगळं सांगितलं. त्याचा चेहरा बघवेना.

"काकांना माहीत आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग कोण सांगणार?"

"मीच," सिस्टर म्हणाल्या. "चल घरी. तू फक्त शेजारी बस."