डाव्या पात्याची आतली कड

योकोहामातल्या एका आइस रिंकच्या तळमजल्यावर कुमागाई-सानांचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पुण्यात मी सात वर्षं टूल डिझाइनमध्ये होते. नवऱ्याच्या, अंबरीषच्या नोकरीमुळे इकडे आले आणि मला हे पार्टटाइम काम मिळालं. हॉकी स्टिक खेळाडूच्या उंचीला कापायची, टेप गुंडाळायची, स्केटच्या पात्यांना धार लावायची. पात्याला दोन कडा असतात, मधे उथळ खाच. दोन्ही कडा एका पातळीत हव्यात. एक जरी केसभर वर राहिली तरी वळताना पाय दगा देतो. म्हणून धार लावली की पात्यावर छोटा गेज ठेवून बघायचं.

मार्चमध्ये मिहोको-सानांची जोडी मी केली. त्या एका शाळेत शिक्षिका, बायकांच्या आइस हॉकी संघातून खेळायच्या. डाव्या पात्याची आतली कड वर होती. गेजवर मला ते स्वच्छ दिसलं. पण मॅच पंधरा मिनिटांवर आली होती, त्या काउंटरपाशी उभ्या होत्या, आणि पुन्हा मशीन लावायचं म्हणजे माझं चुकलं हे त्यांच्यासमोर कबूल करायचं. मी पातं पुसलं आणि "झालं" म्हणाले.

दुसऱ्या सत्रात वळताना त्या घसरल्या आणि कडेच्या फळीवर आदळल्या. घोटा आणि मांडीचं हाड, दोन्ही मोडली.

इस्पितळात कुमागाई-सान मिहोको-सानांच्या आईपुढे कमरेत वाकले. "धार मी लावली होती," म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मीही मागे उभी राहून वाकले आणि गप्प राहिले. परतताना ट्रेनमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

जूनमध्ये देखभालीसाठी रिंकचा सगळा बर्फ वितळवला. खालचं काँक्रीट उघडं पडलं. एका सकाळी मी शटर उघडलं तर मांडणीवरची एक जोडी ओली होती. बूट आणि पात्यामधल्या फटीत पांढरा चुरा. मी बोट लावलं. बर्फ होता.

एसी गळतोय का पाहिलं. छत कोरडं, मांडणीही कोरडी. दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ओल्या होतात त्या फक्त मी धार लावलेल्या. शेजारच्या, कुमागाई-सानांनी केलेल्या, ठणठणीत कोरड्या. आणि माझ्या प्रत्येक जोडीच्या डाव्या पात्याची आतली कड बोथट झालेली.

"कंडेन्सेशन असेल गं," अंबरीष म्हणाला.

"कंडेन्सेशनने धार जाते का?"

"तू झोपतेस ना नीट?"

मार्चमधली गोष्ट मी त्यालाही सांगितली नव्हती.

त्या शनिवारी कुमागाई-सान माझ्या आधी आले होते. हातात फडकं घेऊन ते ओली पाती पुसत होते. सवयीचं काम असावं तसं.

"सुवारुपा-सान," ते मान वर न करता म्हणाले; माझं नाव ते असंच उच्चारायचे. "तुम्ही एकदा जाऊन या तिकडे."

कुठे, ते मी विचारलं नाही.

रविवारी दुपारी मिहोको-सानांच्या घरी गेले. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पातळ पांघरूण. आई चहा ठेवून आत गेली. वाक्यं मी पाठ करून गेले होते, पण ती आठवलीच नाहीत.

"कड वर होती. मला दिसलं होतं. तरी मी जोडी दिली."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेज दोनदा ठेवलात. मी बघत होते."

माझे कान तापले. मला वर बघवेना.

"कुमागाई-सान माझ्यासाठी खोटं बोलले."

"ते कळलंच होतं. मी वाट तुमची बघत होते."

त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "निळ्या नाडीची जोडी कुणाची?"

ती मी आदल्या दिवशी केली होती. एका कॉलेजच्या मुलीची. मार्चपासून प्रत्येक जोडी मी तीनदा तपासायचे, तशी तीही तपासली होती.

"द्यायच्या आधी उजवं पातं बघा."

मी तिथूनच दुकानात फोन लावला आणि ती जोडी तपासायला सांगितली. पलीकडे गेज ठेवल्याचा बारीक आवाज आला.

"केसभर वर आहे," कुमागाई-सान म्हणाले. "मी करून ठेवतो."

मी फोन ठेवला. मग त्यांच्यापुढे कमरेत वाकले.

मिहोको-सानांच्या मांडीवरचं पांघरूण खाली घसरलं. आई लगबगीने बाहेर आली.

"मोजासुद्धा सहन होत नाही अजून हिला," ती म्हणाली आणि पांघरूण उचलायला वाकली.

मिहोको-सानांच्या दोन्ही अनवाणी पावलांवर, घोट्यापर्यंत, करकचून आवळलेल्या स्केटच्या नाडीचे वळ होते. फुलीवर फुली. ताजे, लाल.