अक्षदाचं पथ्य

“सोबत कोण आहे?” नर्सने विचारलं. कोपरीच्या त्या दवाखान्यात नियमच होता, गुंगी देऊन दुर्बिणीने आतड्याची तपासणी करायची तर सोबत माणूस हवाच. अक्षदाचा दादा आयत्या वेळी ऑफिसात अडकलेला. ती निमूट परत निघाली… तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “मी आहे ना.”

सिद्धेश तिथे नमुने न्यायला आला होता. आतड्याच्या पेशी का मरतात, यावर त्याचं संशोधन चाललेलं. ना ओळख ना पाळख, पण गडी तिची पर्स सांभाळत बसून राहिला.

“इतकं केलंत, तर मला झालंय काय तेही सांगा,” गुंगी उतरल्यावर ती म्हणाली.

“‘अहो-जाहो’ नको गं, म्हातारा वाटतो.” मग तो गंभीर झाला. “आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रोज थोड्या मरतात, नव्या येतात. पण सूज आली की शरीरच त्यांना निरोप धाडतं — मरा. एकदम खूप मेल्या की अस्तर फाटतं, जंतू आत शिरतात, सूज वाढते… आणि पुन्हा तोच निरोप.”

“म्हणजे माझंच शरीर माझ्या मुळावर उठलंय?”

“हो. पण निरोप अडवणारी इंजेक्शनं आहेत. त्यासाठी यावं लागेल तुला. मीही असतोच इथे…”

“लाइन मारतोयस?”

“थोडीशी.”

कितीतरी महिन्यांनी ती हसली. प्रेम व्हायला मग वेळ लागला नाही. तलावपाळीवर तो पाणीपुरी हाणायचा, ती शहाळं प्यायची. आजार मधूनच डोकं वर काढायचा, तेव्हा तो फोनवर नुसता गप्प बसूनही धीर द्यायचा.

आणि लग्नाचं बोलायला तिला आईकडे विठ्ठलवाडीला नेलं, तेव्हा घरच्या जिन्यात तोच पुटपुटला, “आईला आजाराचं… इतक्यात नको सांगूस हं.”

अक्षदा एक पायरी मागेच राहिली.

त्याच्या आईने, भीमाबाईंनी, हौसेने मटण केलं होतं, तर्री लालभडक. अक्षदाचं पोट त्या आठवड्यात पुन्हा बिघडलेलं. ती शितं चिवडत राहिली.

“तिचा वार आहे,” सिद्धेशने ठोकून दिलं.

“वार असता तर नुसता भात तरी खाल्ला असता.” भीमाबाईंचा आवाज थंड झाला. “खरं सांग पोरी, आम्हा बौद्धांच्या घरचं चालत नाही ना तुला?” त्यांच्या घरचं पाणीसुद्धा गोड बोलून टाळणारे लोक त्यांनी जन्मभर पाहिले होते.

सिद्धेश नजर चोरत होता. बोललं तर लग्न मोडेल, न बोललं तर या बाईचा अपमान. अक्षदाने थेट भीमाबाईंकडे पाहिलं.

“चालतं, काकू. पण आतडं सोलवटलंय माझं. रक्त पडतं. हा आजार पुरता बरा होत नाही… आणि तुम्हाला सांगू नको म्हणून हाच म्हणाला.”

भीमाबाईंनी तिच्यापुढचं ताट उचललं. “शिकून शिकून हेच शिकलास?” मुलाला एवढंच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

“मला वाटलं, ती नाही म्हणेल.” सिद्धेशचे डोळे भरले. “भ्यालो गं.”

“उद्या आतडं काढून पोटावर शौचाची पिशवी लावायची वेळ आली, तर? तेव्हाही लपवशील मला?”

तो उठला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. “आई, मला हिच्याशीच लग्न करायचंय. ही बरी होवो, न होवो.”

“ऐकलं. आता दारातून बाजूला हो,” भीमाबाई म्हणाल्या. “मऊ भात टाकलाय. मीठ किती लागतं, ते विचारू दे मला माझ्या सुनेला.”

अक्षदाला हुंदकाच फुटला. “तुम्ही घालाल तेवढं…”