पाठमोरा

दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं होतं आणि ते ओढणाऱ्याला सपाटून भूक लागली होती. नेमकी तेव्हाच ती वाकून आत घुसली आणि तिचं कपाळ त्याच्या कोपरावर आपटलं.

"अहो! जेवणाची सुट्टी आहे."

"माझं सगळं चाललंय!" ती धापा टाकत म्हणाली. एका हातात फोन, दुसऱ्यात टॅब. "तीन वर्षं... तीन वर्षांची चित्रं कुणीतरी पुसतंय. आत्ता. हे बघा ना!"

त्यानं आधी तिच्या पायांकडे पाहिलं. एक चप्पल निळी होती, एक तपकिरी. मग टॅबकडे पाहिलं. चित्रांच्या यादीवर एकसष्ट आकडा होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो साठ झाला. त्यानं मुकाट्यानं शटर वर ढकललं आणि तिला स्टूल दिलं.

ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. आयुष्यातलं पहिलं मोठं काम होतं हे, चौसष्ट चित्रांचं. सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं. सगळी चित्रं इंटरनेटवरच्या एका खात्यात ठेवलेली, टॅबवर नुसती त्यांची यादी दिसायची. दुसरी प्रत नाही. ती काढायचं रोज ठरत होतं, एवढंच.

"या खात्याचा आणि मेलचा पासवर्ड एकच आहे का?" संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या माणसानं विचारलं.

"हो... एकच."

"आणखी कुठे आहे तोच?"

"सगळीकडे," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे... तो आमच्या घरचाच पासवर्ड आहे. बाबांचा, दादाचा, आत्याचा, माझा. मांजरीचं नाव आणि एक-दोन-तीन."

हसावं की रडावं हे त्याला कळेना. एखाद्या घरात सगळ्यांचा एकच टॉवेल असावा तशी ही तऱ्हा. आणि काल आत्याबाईंनी मिक्सर जिंकायच्या लोभानं कुठल्याशा स्पर्धेच्या पानावर घरच्यांचे मेलचे पत्ते आणि तो पासवर्ड इमानेइतबारे भरून दिला होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

"आधी मेल सोडवू," तो म्हणाला.

"मेल गेला खड्ड्यात! आधी चित्रं!"

"बाई, ऐका. चित्रांचा पासवर्ड बदलायची चिठ्ठी येणार मेलवर, आणि मेलमध्ये बसलाय तो. तुम्ही बदलाल, तो परत बदलेल. दहा मिनिटं द्या मला."

"दहा मिनिटांत किती उरतील?"

"माहीत नाही," तो म्हणाला. खोटा धीर देणं त्याला जमत नसे.

ज्या माणसाला आपण दोन मिनिटांपूर्वी डोकं आपटून भेटलो, त्याच्या भरवशावर तीन वर्षं टाकायची? पण दुसरं होतं कोण? तिनं मान डोलावली.

"तुमच्याच फोनवर करा. माझ्या संगणकावर काही टाकू नका. मेल परत मिळवायला नंबर विचारेल, तो बघा अजून तुमचाच आहे का."

होता. चोराला तो बदलायचं सुचलं नव्हतं. फोनवर सहा आकडे आले, तिनं ते भरले आणि पडद्यावर रिकामी चौकट उघडली. नवा पासवर्ड.

"काय टाकू? बाबांचा वाढदिवस आणि—"

"अजिबात नाही! घरातलं काही नको. आवडतं काही नको." त्यानं फळीवरचा जाडजूड शब्दकोश काढून तिच्या मांडीवर ठेवला. "आईचा आहे, मास्तरीण होती. डोळे मिटा, पान उघडा, बोट ठेवा. असं चारदा. चार शब्द, एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले. सलग लिहा."

एवढं बोलून त्यानं तिचा टॅब उचलला आणि चक्क भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे काय?"

"दुसऱ्याच्या पासवर्डच्या वेळी मी पाठ फिरवतो. त्रेपन्न उरलीत. लवकर!"

तिनं डोळे मिटले. जुन्या कागदाचा वास आला. पान, बोट. पान, बोट. तिसरा शब्द पाहून एवढ्या धांदलीतही तिच्या तोंडून खुदकन हसू निसटलं.

"हसलात?" भिंतीकडून आवाज आला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काहीच नाही. एक्कावन्न."

पुढे काय झालं ते तिला नंतर नीट सांगता येईना. पाठमोरा माणूस सूचना देत होता आणि ती करत होती. इतर सगळ्या यंत्रांवरून बाहेर काढा. दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर तुमचा मेल परस्पर जातोय का, बघा. जात होता! तो तोडा. मधूनमधून आकडा यायचा. शेहेचाळीस... बेचाळीस... दर आकड्याला तिला एकेक चित्र आठवत होतं. पावसात छत्री उलटलेला अस्वलाचा बाप तिनं अकरा वेळा खोडून पुन्हा काढला होता.

"मेल तुमचा झाला. आता चित्रं. पासवर्ड विसरले म्हणून सांगा."

"नवा कुठला टाकू? हाच?"

"त्यापायीच तर इथवर आलात!"

जीभ चावून तिनं पुन्हा शब्दकोश उघडला. आणखी चार शब्द. चाळीस. एकोणचाळीस. शेवटचं बटण दाबलं, टॅब सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, आणि ती डोळे घट्ट मिटून बसून राहिली.

"सदतीस," तो म्हणाला.

दुकानातला पंखा तेवढा कुरकुरत होता.

"सदतीस," तो पुन्हा म्हणाला. आणि मग बऱ्याच वेळानं, हळूच, "अजूनही सदतीसच."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चित्रांच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याची विनंती आली आहे, ती तुम्ही केली आहे का? चोरानं दार परत ठोठावलं होतं आणि ती चिठ्ठी आली होती थेट तिच्या हातात. दहा मिनिटांपूर्वी ती त्याच्याच हातात पडली असती.

तिनं खात्याची कचरापेटी उघडली. सत्तावीसच्या सत्तावीस चित्रं तिथे पडून होती. ती रिकामी करायला चोराला फुरसतच मिळाली नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला आणि इतका वेळ न आलेलं रडू आता आलं. तो अजून भिंतीकडेच बघत उभा होता.

"वळा आता," ती नाक पुसत म्हणाली.

"तुमचं आवरलं की सांगा," तो म्हणाला. "रडणाऱ्याकडेही मी बघत नाही."

तिथेच काहीतरी झालं. तिला ते लगेच कळलं, त्याला कळायला वेळ लागला.

पुढचे चार दिवस ती रोज दुपारी येत राहिली. घरादाराचे पासवर्ड बदलायचे होते ना! त्यानं तिच्या फोनमध्ये पासवर्डची तिजोरी बसवून दिली. आतले लांबलचक पासवर्ड तिजोरीच तयार करणार आणि लक्षात ठेवणार, तिनं लक्षात ठेवायचा तो फक्त तिजोरीचा. एक दिवस आत्याही आली आणि भिंतीकडे तोंड केलेल्या त्याला बघून म्हणाली, "बबडे, मुलगा सज्जन दिसतो. पण तोंड दाखवत का नाही गं?"

रविवारी काम संपलं. त्यानं तिला एक कोरं पाकीट दिलं.

"तिजोरीचा पासवर्ड कागदावर लिहून यात बंद करा. आणि सगळ्यात विश्वासाच्या माणसाकडे ठेवायला द्या. अडीनडीला लागतो."

सोमवारी पुस्तक छापायला गेलं आणि ती परत आली. पाकीट चिकटवलेलं होतं. तिनं ते त्याच्यापुढे ठेवलं.

"आत्या बसस्टॉपवर सांगेल. दादा फोटो काढून ठेवेल," ती म्हणाली. "तुम्ही ठेवा."

तो पाकिटाला शिवलासुद्धा नाही. "ग्राहकाचा पासवर्ड मी ठेवत नाही. दुकानाचा नियम आहे."

"मोडा ना एकदा... माझ्यासाठी."

"नाही मोडणार."

तिचे कान तापले. चार दिवस आपण उगाच मनाचे मांडे खाल्ले! तिनं पाकीट उचललं आणि वळली.

"थांबा," तो घाईनं म्हणाला. "उद्यापासून तुमची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या दुकानात करून घ्या. तो चांगला आहे. मी... मी आता तुमचं काम करणार नाही."

"का? मी काय केलं?"

त्यानं खिळ्याला अडकवलेल्या कामाच्या चिठ्ठ्यांतून एक ओढून काढली. त्यावर नाव नव्हतं. 'एक निळी, एक तपकिरी चप्पल' एवढंच लिहिलं होतं. त्यानं चिठ्ठीचे दोन तुकडे केले, मग चार.

"नियम ग्राहकांसाठी आहे," तो म्हणाला. "आता... आता द्या."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिनं पाकीट त्याच्या तळहातावर ठेवलं, पण स्वतःचा हात मात्र उचलला नाही.

"उघडायचं नाही हं."

"कधीच नाही. तुम्ही विसरलात तरच."

"मी फार विसरभोळी आहे," ती म्हणाली.

या वेळी तो भिंतीकडे वळला नाही. "बरं झालं," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघतच राहिला.